‘निळ्या टोप्या परत बोलवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

रात्री अकराला मावशीचा फोन. “अरे, त्यांना गोळी झाडायची परवानगीच नसते म्हणे. खरं आहे का?” तिचा मुलगा, माझा मावसभाऊ, पलटणीबरोबर दक्षिण सुदानला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, म्हणजे निळ्या टोपीवाल्यांत आहे. तिला कुणीतरी तो पाच मुद्द्यांचा मेसेज पाठवला होता. मला तो आतापर्यंत चार ग्रुपांवर आलाय. प्रत्येक वेळी सोडून दिला, आता नाही सोडणार.

पहिला मुद्दा मावशीचाच. म्हणे ‘1996 पासून चाललेल्या या मोहिमेत’ सैनिकांना हत्यार वापरता येत नाही. अहो, 1996 हा सुरक्षा परिषदेच्या ठरावाचा क्रमांक आहे, साल नव्हे! देश स्वतंत्र झाला 9 जुलै 2011 ला, ठराव आदल्या दिवशीचा. तो संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली आहे, म्हणजे नागरिकांना वाचवायला बळ वापरण्याची मुभा त्यातच आहे. 17 एप्रिल 2014 ला बोर शहरातल्या शांतिसेनेच्या तळावर ‘निवेदन द्यायला आलोय’ म्हणत सशस्त्र जमाव घुसला. आत सुमारे पाच हजार माणसं आसऱ्याला होती. चाळीसहून जास्त मारली गेली. शांतिसैनिकांनी गोळीबार केला नसता तर आकडा कुठे गेला असता, याचा विचार मेसेजवाल्याने करावा.

बरं, एक मान्य करतो, जिवावर येतं तरी करतो. मुभा असून हात बांधून बसल्याचं उदाहरणही आहे, आणि त्यात आपलेही आहेत. जुलै 2016 मध्ये राजधानी जुबात पुन्हा लढाई पेटली. तळापासून जेमतेम किलोमीटरभरावर असलेल्या टेरेन हॉटेलात सरकारी सैनिकांनी मदतकार्य करणाऱ्यांवर अत्याचार केले. आतून मदतीसाठी निरोपावर निरोप जात होते, कुणी गेलं नाही. संयुक्त राष्ट्रांनीच नेमलेल्या मेजर जनरल पॅट्रिक कॅमर्ट यांच्या चौकशी अहवालात हे सगळं आहे. चीन, इथिओपिया, नेपाळ आणि भारत अशा चारही तुकड्यांना उलटसुलट हुकूम मिळत होते. टेरेनला जायला सांगितलं तर प्रत्येकीचं उत्तर एकच, आमची माणसं आधीच गुंतलेली आहेत. शांतिसेनेच्या केनियन सेनापतींना त्यानंतर पदावरून हटवलं. पण तोच अहवाल मोहीम गुंडाळा म्हणत नाही. चिलखती गाडीच्या चिमुकल्या खिडकीतून डोकावून गस्त होत नसते, खाली उतरून पायी फिरा, असं त्याचं म्हणणं आहे. मेसेजवाल्याने यातलं अर्धंच ऐकलेलं दिसतं.

आता तो मुद्दा, ज्याने माझं डोकं फिरलं. शांतिसेनेच्या तळांवर आसऱ्याला आलेल्यांच्या छावण्यांबद्दलचा. ‘छावण्यांनी माणसं फुकटी केली. छावण्या नसत्या तर लोक घरी गेले असते आणि लढाई आठवड्यात थांबली असती.’

घरी? कुठल्या घरी? डिसेंबर 2013 मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचे माजी उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्या भांडणातून जुबात सैन्य फुटलं आणि माचार यांच्या नुएर जमातीच्या लोकांना घराघरांतून शोधून मारायला सुरुवात झाली. म्हणूनच तर लोक घर सोडून तळाकडे पळाले. फाटकं उघडली गेली. तळात माणसं घेण्याचा असा बेत कुणी आखलेला नव्हता, पण पुढे या छावण्यांत दोन लाखांच्या आसपास लोक होते, एकट्या बेंटियू शहरात लाखाहून जास्त. ज्यांना छावणी गाठता आली नाही त्यांचं काय झालं ते याच बेंटियूत दिसलं. एप्रिल 2014 मध्ये माचार यांच्या बाजूचे बंडखोर शहरात शिरले आणि मशिदीत आसरा घेतलेल्या दोनशेहून जास्त नागरिकांना मारलं. इस्पितळातही माणसं मारली. त्या दोन दिवसांत शांतिसैनिकांनी शहरातून शेकडो लोकांना काढून तळावर आणलं. त्यांना ‘फुकटे’ म्हणायला जीभ कशी रेटते?

छावण्यांत चिखल होता, रोगराई होती, कुंपणाबाहेर सरपणाला गेलेल्या बायकांवर अत्याचार झाले, हे खरं आहे. पण 2013 ते 2018 या काळात युद्धामुळे सुमारे 3 लाख 83 हजार जादा मृत्यू झाले, असा लंडनच्या आरोग्य संशोधकांचा अंदाज आहे. त्या देशात कुंपणाच्या आत असणं ही चैन नव्हती.

उरलेले मुद्दे झटपट. ‘तेल लुटायला गेलेत’: तेल काढण्यात वर्षानुवर्षं चीन, मलेशिया आणि आपलीच ओएनजीसी विदेश होती. 2014 च्या ठरावात तेलक्षेत्राजवळच्या नागरिकांच्या रक्षणाचा उल्लेख आहे, एवढाच काय तो धागा. ‘सैनिकांना डॉलरमध्ये गडगंज पगार’: माणशी महिना सुमारे 1,400 डॉलर येतात ते सरकारला, भरपाई म्हणून. मोहीम महाग आहे, वर्षाला शंभर कोटी डॉलरच्या वर, ते मात्र खरं. ‘एकही देश सावरला नाही’: सिएरा लिओन आणि लायबेरिया. लायबेरियातली मोहीम मार्च 2018 मध्ये बंदही झाली.

मावशीला हे सगळं सांगितलं, टेरेनचंसुद्धा. एप्रिल 2013 मध्ये गुमुरुकजवळ ताफ्याला सोबत करणारे आपले पाच जवान दबा धरून बसलेल्यांनी मारले, ते मात्र सांगितलं नाही. त्या मेसेजमध्येही ते कुठे नाही.