काम त्यांचं, पगार आमचा, फोन मलाच

मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीत नोकरी असण्याचा पहिला फायदा लग्नाच्या बाजारात होतो. "मुलगा एचआरमध्ये आहे" हे ऐकायला भारदस्त वाटतं. तोटाही त्याच मांडवात भेटतो. पंगत उठायच्या आत कुणाचा तरी मावसभाऊ मोबाइल पुढे करतो, "जरा बघता का, पीएफ निघत नाहीये."

धंदा समजायला सोपा आहे. माणूस चाकणच्या कारखान्यात मशीनवर उभा असतो, गणवेश कारखान्याचा असतो, शिव्या तिथल्या सुपरवायझरच्या असतात, पण सॅलरी स्लिप आमची असते. कारखाना आम्हाला 'वेंडर' म्हणतो, कामगार 'ठेकेदार' म्हणतो, आम्ही स्वतःला 'पार्टनर' म्हणवून घेतो. पगार 7 तारखेच्या आत द्यायचा असतो. कारखाना मात्र आमचं बिल 45 किंवा 60 दिवसांनी देतो, तेही मागच्या महिन्याचा पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) भरल्याची चलनं जोडली असतील तर. एवढं करून बिल परत येतं, कारण पीओचा, म्हणजे खरेदी ऑर्डरचा, नंबर वरच्या कोपऱ्यात हवा होता आणि आम्ही तो खाली टाकलेला असतो.

करारात हजेरी 25 तारखेला बंद होते. प्रत्यक्षात ती 29 तारखेला रात्री व्हॉट्सॲपवर येते: मस्टरचा तिरका फोटो, त्यात सुपरवायझरचा अंगठा नेमका ओटीच्या (ओव्हरटाइमच्या) रकान्यावर. अंगठ्याखाली चार तास होते की चौदा, हे विचारायला फोन करावा तर साहेब सेकंड शिफ्ट करून झोपलेले.

मग एक्सेल. बँकेचे खाते क्रमांक चिकटवले की हे गृहस्थ सुरुवातीची शून्यं गिळतात. क्रमांक सोळा अंकी असेल तर शेवटच्या अंकाचं परस्पर शून्य करतात, कारण पंधरा अंकांपुढे त्यांची मजल जात नाही. रकाना आधी 'टेक्स्ट' करायचा आणि मगच पेस्ट करायचं, हे नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवावं. नंतर टेक्स्ट करून उपयोग नसतो, गेलेला अंक गेला. आयएफएससीची, म्हणजे बँक शाखेच्या कोडचीही तीच तऱ्हा. अकरा अक्षरांतलं पाचवं कायम शून्य असतं आणि फॉर्म भरणारा तिथे हटकून 'ओ' लिहितो. देना बँक 2019 साली बँक ऑफ बडोदात विलीन झाली, पण कपाटातल्या पासबुकाला ते कोण सांगणार? पगार परत येतो आणि 8 तारखेला सकाळी फोन वाजतो.

तरी पगार न होण्याचे फोन सोपे असतात. पगार झाल्यावरचे अवघड. फेब्रुवारी हा महिना तर मी कॅलेंडरमधून काढून टाकावा म्हणतो. व्यवसाय कर वर्षाला 2500. महिना 200 प्रमाणे बाराचे होतात 2400. उरलेले 100 सरकारने वसुलीला फेब्रुवारीत ठेवले आहेत, म्हणजे दिवस सगळ्यात कमी त्या महिन्यात कपात 300. "साहेब, शंभर जास्त कापलेत" हा फोन दरवर्षी येतो, त्याच माणसांकडून येतो, आणि दरवर्षी समजावून झाल्यावर ते म्हणतात, "बरं, पण परत कधी मिळणार?"

पीएफचं पासबुक हा तर गुन्ह्याचा पुरावाच. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 असेल तर कामगाराचे 1800 कापले जातात आणि मालकाचेही 1800 भरले जातात. पासबुकात मात्र मालकाच्या रकान्यात 550 दिसतात. बाकीचे 1250 शेजारच्या पेन्शनच्या रकान्यात असतात, पण मोबाइल आडवा केल्याशिवाय तो रकाना दिसत नाही. "आमचे साडेबाराशे कुणी खाल्ले?" या प्रश्नाचं माझं शास्त्रशुद्ध उत्तर आहे, "मोबाइल आडवा करा." निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

उरलेल्या निम्म्या नावांच्या. आधारवर नाव आधी, बँकेत आडनाव आधी, पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. बाईमाणूस असेल तर तीन कागदांवर माहेर, सासर आणि दोघांची खिचडी. आपल्याकडे माणूस एका नावाने आयुष्य काढतो, पण पीएफचा क्लेम एका 'ए'वरून अडतो. त्यात आधीच्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसतेच. शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने गेले की ती कामगाराला स्वतः भरता येते, हे सांगितलं की समोरचा मला देव मानतो. नोकरीतलं समाधान म्हणतात ते हेच असावं.

ईएसआयची 21,000 पगाराची मर्यादा मे महिन्यात ओलांडली तरी कपात सप्टेंबरअखेरपर्यंत चालूच राहते. पगारवाढीचे पेढे देणारा माणूस पुढची स्लिप बघून पेढे परत मागेल, इतका चिडतो.

फायदे आहेतच. सगळ्यांचे पगार माहीत असतात. ते कुणाला सांगता येत नाहीत, हा त्याच फायद्याचा तोटा. पाच वेगवेगळ्या उद्योगांचं आतलं काम कळतं, कायदा तोंडपाठ होतो, आणि घराजवळच्या सोसायटीत वकिलापेक्षा जास्त मान मिळतो, अर्थात फुकट. हजारो लोकांची पगारवाढ वेळेवर सिस्टीममध्ये चढवणाऱ्या आमच्या टेबलाचं स्वतःचं इन्क्रिमेंट लेटर मात्र 'प्रोसेसमध्ये' असतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता आल्या. आता माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं. उत्तम. फक्त त्याआधी कारखान्याच्या 'नो ड्यूज'वर स्टोअरची सही लागते, स्टोअरवाला सेफ्टी शूज जमा झाल्याशिवाय पेन उचलत नाही, आणि ते शूज पायात घालूनच माणूस लातूरच्या एसटीत बसलेला असतो.