गाडी विकताय की मुखदर्शन देताय?

इंजिन थंड ठेवा, एवढी एकच गोष्ट मागितली होती. फोनवर दोनदा सांगितलं, वर मेसेजही टाकला. शनिवारी सकाळी साडेनऊला जुनी गाडी बघायला अंधेरीतल्या एका दुकानात पोचलो, तर गाडीचा पंखा घोंघावतोय आणि एक पोरगा काचेवर फडकं मारतोय. मागच्या झाकणाला हात लावला (पोर्शे ७१८ केमनचं इंजिन सीटच्या पाठीशी असतं, पुढचं बॉनेट चाचपून काही कळत नाही) तर तवा! भाकरी टाकली असती तर फुगली असती. "सर, आपके लिए गरम करके रखी है." अरे, कोणी सांगितलं होतं?

रात्रभर निजलेलं इंजिन पहिल्यांदा चालू होतं तेव्हाच जे काय खरं ते बोलतं. खडखडतंय का, धूर सोडतंय का, किती वेळात शांत होतंय, सगळं त्या पहिल्या मिनिटात. एकदा गरम झालं की ते शहाण्यासारखं वागतं. आणि हे त्या विकणाऱ्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, म्हणून तर हा पाहुणचार.

मी बारा वर्षं पैसे साठवलेत. बाबा अजूनही म्हणतात, एवढ्यात बदलापूरला दोन फ्लॅट आले असते. आले असते, बाबा. पण २०१७ साली ही गाडी भारतात आली तेव्हापासून माझा तिच्यावर डोळा आहे. दोन सीट, ३०० हॉर्सपॉवर. नवी झेपली नाही म्हणून जुनी बघतोय. कोस्टल रोडवर ८० ची मर्यादा आहे, अटल सेतूवर १०० ची, बाकी सगळीकडे खड्डे आणि स्पीडब्रेकर, हे मला माहीत आहे. सोसायटीतल्या प्रत्येकाने लिफ्टमध्ये सांगून झालंय.

तर जाहिरात अशी: २०१८ चं मॉडेल, सिंगल ओनर, नो अ‍ॅक्सिडेंट, शोरूम कंडिशन, ११,२०० किलोमीटर. "सेठ की गाडी है सर, सिर्फ संडे को निकलती थी." मुंबईतल्या प्रत्येक जुन्या महागड्या गाडीचा सेठ फक्त रविवारीच निकलतो. मग सोमवार ते शनिवार मला कट मारून जातात ते कोण?

तिथेच उभ्या उभ्या परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकला. दुसरा मालक. विचारलं, तर म्हणे आधी कंपनीच्या नावावर होती, मग साहेबांनी स्वतःच्या नावावर केली, "कंपनी भी उनकी ही है ना सर." विम्याचा कागद मागितला. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य! पाच वर्षं क्लेम केला नाही तर तो ५० टक्क्यांपर्यंत चढतो, आणि इथे भोपळा. मग "नो अ‍ॅक्सिडेंट" कुठल्या तोंडाने लिहिता? "छोटा स्क्रॅच था सर." छोट्या स्क्रॅचचं बिल दाखवा म्हटलं, तर ते सेठकडे, आणि सेठ दुबईला.

टायर वाकून बघितले. बाजूवर शेवटचे चार आकडे असतात ते आठवडा आणि साल. पुढचे ४६१७, म्हणजे २०१७ चा सेहेचाळिसावा आठवडा. मागचे ०९२३. मागचे लवकर झिजतात, मान्य आहे. पण रविवारी मरीन ड्राइव्हला आइस्क्रीम खायला जाणाऱ्या सेठने ११,००० किलोमीटरच्या आत टायर संपवले कसे? आणि पुढच्यांचं रबर इतकं जुनं की नख रुतत नाही. हा म्हणतो, "नक्षी तो देखो सर, सत्तर टक्का बाकी है." नक्षीचं काय लोणचं घालू? रबर वयाने कडक होतं, पावसात ब्रेक दाबला की कळतं.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला, पाण्यात बुडालेल्या गाडीत चिखलाची रेघ तिथे लपून राहते. ज्या शहरात २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि जिथे अंधेरी सबवे दर पावसाळ्यात भरतो, तिथे हे बघणारच ना? बेल्ट स्वच्छ होता. तेवढं एक बरं निघालं. पण मी तो ओढला म्हणून दुकानदाराचं तोंड असं, जणू त्याच्या आजीचा पदर ओढला.

खरा तमाशा पुढे. माझ्याबरोबर आमचा कुर्ल्याचा मेकॅनिक होता, त्याने पिशवीतून गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर काढला. "स्कॅनर अलाउड नहीं है, वॉरंटी चली जाएगी." कसली वॉरंटी, २०१८ च्या गाडीला? आम्ही निघायला लागल्यावर पाच मिनिटं मिळाली. मीटर मागे फिरवता येतो, पण इंजिन किती तास चाललं त्याची नोंद इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये वेगळी असते, आणि ती पुसायचं बहुतेकांना सुचत नाही. स्क्रीनवर आकडा आला: १,३१० तास.

करा भागाकार. ११,२०० भागिले १,३१०. ताशी साडेआठ किलोमीटर! अहो, दादर टीटीला गणपतीच्या दिवसांत बेस्टची बस याहून बरी पळते. मुंबईचा ताशी वीस धरला तरी ही गाडी २६,००० च्या पुढे धावलेली. तर दुकानदार शांतपणे म्हणतो, "ड्रायव्हर एसी चालू करके बैठता था सर." दोन सीटच्या गाडीत? सेठ, सेठाणी आणि ड्रायव्हर, तिघं? ड्रायव्हरला काय टपावर बसवत होते? यावर त्याचं उत्तर, "आप लेने नहीं आए हो, टाइमपास करने आए हो." चोराच्या उलट्या बोंबा.

ही पहिली नाही, चौथी गाडी. गेल्या महिन्यातली पुदुच्चेरी पासिंगची होती, "कुछ नहीं होता सर, सब चलाते हैं." बारा महिन्यांत इथला नंबर घ्यायला लागतो, मूळ आरटीओची एनओसी लागते, इथला टॅक्स भरावा लागतो, आणि तो लाखांत असतो. त्याआधीचा तर म्हणाला, पहिले पन्नास हजार टोकन टाका, मग लिफ्टवर चढवून खालून दाखवतो. म्हणजे आधी दक्षिणा, मग दर्शन. सिद्धिविनायकाला निदान रांगेत उभं राहिलं की फुकट दिसतो हो!

साठ रुपयांची भेंडी घेताना आपण टोक मोडून बघतो. भाजीवाली एक शब्द बोलत नाही. इथे आयुष्याची पुंजी घेऊन उभा आहे आणि झाकण उघडा म्हटलं की मी भिकारडा. यात आपल्यातलेही आहेत बरं का, जे येतात, स्टिअरिंगबरोबर सेल्फी काढतात आणि संध्याकाळी टोकन टाकून मोकळे होतात. त्यांच्यामुळे ही मंडळी माजलीत.

येत्या रविवारी पुण्याला एक बघायला जायचंय. काल त्या गृहस्थांना फोन केला. मराठी माणूस, फार अदबीने बोलले. मी म्हटलं, काका, एकच विनंती आहे, पहाटे निघून आठला पोचतो, इंजिनचं तेवढं बघा. म्हणाले, "अहो, काळजीच नको. तुम्ही यायच्या आत मस्त गरम करून ठेवतो."