पैसे सरकारने घातले, मग चाचणी का नाही मागितली?

काल कट्ट्यावर आवाज चढले ते रोबोटिक शस्त्रक्रियेवरून. अण्णांचं म्हणणं ठाम होतं. "कंपन्यांनी जोखीम घेतली म्हणून हे यंत्र उभं राहिलं. सरकारने मधे मधे करू नये, एवढं केलं तरी पुष्कळ."

आमच्यातला इंजिनिअर उसळलाच. "अण्णा, जोखीम आधी कुणी घेतली ते बघा ना! ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नासाच्या एम्स केंद्रातली आणि कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेतली माणसं दूर बसून यंत्राचे हात चालवायच्या कल्पनेमागे लागली होती. तेव्हा गिऱ्हाईक कुठे होतं? मग लष्करातले सर्जन रिचर्ड सटावा डार्पात, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत गेले आणि संरक्षण खात्याचा पैसा आला. जखमी सैनिक पुढे चिलखती गाडीत, सर्जन मागे सुरक्षित. या स्वप्नावर कोणत्या बँकेने कर्ज दिलं असतं?"

"आणि ते स्वप्न पुरं झालं का?"

नाही झालं, हे अण्णांचं बरोबर. डॉक्टर मैत्रिणीने कारणही सांगितलं. 7 सप्टेंबर 2001 ला फ्रेंच सर्जन जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या एका बाईचं पित्ताशय रोबोटच्या हातांनी काढलं. हात हलल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंत साधारण 155 मिलिसेकंद लागत होते, आणि तेही फ्रान्स टेलिकॉमच्या खास फायबर लाइनवर. त्या कंपनीतही तेव्हा मोठा हिस्सा सरकारचाच होता. अशी लाइन रणांगणावर कोण टाकणार?

पण युद्धासाठी केलेलं काम ऑपरेशन थिएटरात आलं. 1995 साली निघालेल्या इंट्युइटिव्ह सर्जिकलने एसआरआयकडून तंत्रज्ञान घेतलं आणि 2000 मध्ये त्यांच्या दा विंची या शस्त्रक्रियेच्या रोबोटला एफडीएची, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेची परवानगी मिळाली. डॉक्टरने हात पुढे करून दाखवलं. "दुर्बिणीच्या साध्या ऑपरेशनमध्ये दांडा सरळसोट. मी हात उजवीकडे नेला की आत टोक डावीकडे जातं. खोल, अरुंद जागेत टाका घ्यायचा तर जीव मेटाकुटीला येतो. इथे टोकालाच मनगट आहे. माझी थरथर गाळली जाते. हात तीन सेंटीमीटर हलवला तर आत एकच हलेल, असं ठरवता येतं." अण्णासुद्धा स्वतःचं मनगट फिरवून बघत होते.

माझं भांडण मात्र वेगळंच आहे, आणि ते मी कालही तावातावाने मांडलं. सरकारने पहिला पैसा घातला ते उत्तम केलं, पण पुढचा प्रश्न विचारायला कचरलं. एफडीएच्या ज्या 510(के) मार्गाने ही यंत्रं आली, त्यात मुख्यतः दाखवायचं असतं की हे आधीच्या उपकरणाइतकंच सुरक्षित आणि परिणामकारक आहे. पेशंट जास्त जगतो का, हे दाखवायची सक्ती नसते. दा विंचीने स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रिया करायला 2005 मध्ये परवानगी मिळाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला 2018 मध्ये. साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या बायका, पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत 96.5 टक्के, छोट्या छिद्रांतून केलेल्या शस्त्रक्रियेत 86 टक्के. यातल्या बहुतेक साध्या दुर्बिणीच्या होत्या, थोड्या रोबोटच्या. 2019 मध्ये एफडीएने रोबोटच्या कर्करोग शस्त्रक्रियांबद्दल सावधगिरीची सूचना काढली. मधल्या वर्षांत ज्या बायकांनी विश्वासाने संमतीपत्रावर सही केली, त्यांचं काय? मला हा आकडा वाचून झोप लागली नव्हती.

"म्हणजे परवानगीच द्यायची नाही?" अण्णा.

"द्यायची. पण प्रत्येक ऑपरेशनची नोंद सरकारी नोंदवहीत गेली पाहिजे आणि मोठ्या चाचण्यांचा खर्च सरकारने उचलला पाहिजे. कंपनी स्वतःच्या यंत्राविरुद्ध चाचणी कशाला करेल?"

इंजिनिअरने पेटंटचा मुद्दा काढला. अमेरिकेत 1980 च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातल्या शोधाचं पेटंट विद्यापीठं आणि संस्था स्वतःकडे ठेवू शकतात. काही अटींवर सरकारला दुसऱ्यालाही परवाना देता येतो, पण तो अधिकार कितीतरी दशकं नुसता कागदावर पडून आहे. तो वापरावा, असं त्याचं म्हणणं. अण्णा खवळले. असं केलं तर उद्या कोणी संशोधनाला हात लावणार नाही, म्हणाले.

मला इथे अण्णांचं थोडं पटतं. नोंदवहीला मात्र तेही शेवटी तयार झाले. फक्त त्यात सर्जनचं नाव असावं की नाही, यावरून डॉक्टर आणि इंजिनिअर उठेपर्यंत भांडत होते.