हलका हिमवर्षाव हलक्यात घेण्यासारखा नसतो

इंग्लंडमध्ये दोन-तीन सेंटीमीटर बर्फाचा अंदाज आला की लोक दूध-पाव भरून ठेवतात, हा निव्वळ भित्रेपणा आहे, असे एका लेखात म्हटले आहे; ते मला पटले नाही. मुलगा स्विंडनला नोकरीला असल्यामुळे (तिथे आपले गोंयकार इतके आहेत की परकेपणा वाटत नाही) एका हिवाळ्यात मी तिथे होतो. दुपारी भुरभुरलेला बर्फ संध्याकाळी वितळला, तेव्हा मीही 'एवढ्यासाठी एवढा गवगवा?' असे म्हणून हसलो. पण तेच पाणी रात्री गोठून फुटपाथवर काचेसारखा थर तयार झाला आणि सकाळी फाटकाबाहेर दुसऱ्याच पावलाला मी आडवा झालो. मनगट महिनाभर दुखत होते.

रस्त्यावर आधीच मीठ टाकले की पाणी शून्य अंशाला गोठत नाही, हे खरे. परंतु बर्फाआधी पाऊस झाला तर ते मीठ वाहून जाते, आणि अंदाज हलक्या बर्फाचा असला तरी रस्ता मात्र निसरडा होतो. जूनच्या पहिल्या सरीत, रस्त्यावरचे तेल आणि धूळ पाण्यात मिसळते तेव्हा, चोर्ला घाटात दुचाकी कशा घसरतात हे पाहिलेल्या फोंडा-साखळीच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. ब्रिटनच्या हवामान खात्याचा पिवळा इशाराही केवळ किती सेंटीमीटर बर्फ पडेल यावर नव्हे, तर त्याचा परिणाम काय होईल आणि तो होण्याची शक्यता किती, यावर ठरतो. लेखकाने नेमके हेच वगळले आहे.