लाल ताऱ्याच्या ग्रहावर पाऊस पडेल का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत, देव बरें करूं. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: मी मागच्या लेखात रंगवलेला लाल ताऱ्याचा, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड ताऱ्याचा, ग्रह हे कल्पनारंजन आहे; ज्या ग्रहाची एकच बाजू सतत ताऱ्याकडे असते, म्हणजे एका बाजूला कायम दिवस आणि दुसरीकडे कायम रात्र, तिथे पाऊस पडणं अशक्य; आणि तुमच्या पेडण्याच्या शाळेतली मुलं हे सगळं खरं धरून चालतील.

पावसाचं आधी घेतो, कारण ते मला मुळीच पटलेलं नाही. रात्रीच्या बाजूची हवासुद्धा गोठून खाली बसेल, असं एकेकाळी मानलं जायचं. 1997 मध्ये मनोज जोशी, हेबर्ले आणि रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवलं की पृथ्वीवरच्या दाबाच्या एक दशांश इतकी कार्बन डायऑक्साइडची हवा असली, तरी अंधाऱ्या बाजूला पुरेशी ऊब पोचते आणि हवा टिकून राहते. 2013 मध्ये यांग, कोवन आणि ॲबट या शास्त्रज्ञांच्या हवामान-प्रारूपांत, म्हणजे संगणकावर उभ्या केलेल्या हवामानात, आणखी एक गोष्ट दिसली. तारा जिथे थेट डोक्यावर असतो तिथे हवा सारखी वर चढते, दाट ढग धरतात आणि बराचसा प्रकाश परतवून लावतात. पाणी असलेल्या ग्रहावर असे ढग धरले की पाऊस आलाच. तो मी पदरचा घातलेला नाही.

तुम्ही भूगोल शिकवता, म्हणून वाऱ्याचंही सांगतो. आपल्या किनाऱ्यावर दुपारचे खारे वारे रात्री मतलई होतात, कारण सूर्य मावळतो. त्या ग्रहाच्या उजेडाच्या बाजूला तारा मावळतच नाही. म्हणून जमिनीलगतचा वारा कायम उजेडाकडे वाहतो. दिवस-रात्रीच्या सीमेवर ताऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं तर पाठीवर सतत थंड वारा, समोर क्षितिजाला टेकलेला लाल गोळा आणि प्रत्येक खडकाची लांबलचक सावली वर्षानुवर्षं जागच्या जागी. लेखातला हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, आणि त्यातला शब्दन् शब्द भौतिकशास्त्राला धरून आहे.

आता मुलांचं. ट्रॅपिस्ट-1 या लाल ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ट्रॅपिस्ट-1 ई या खऱ्या ग्रहाचं वर्ष 6.1 दिवसांचं आणि त्रिज्या पृथ्वीच्या 0.92 पट, एवढं ठाऊक आहे. त्याच्या पृष्ठभागाचा फोटो कुणाकडेच नाही. मग हे आकडे मुलांनी नुसते पाठ करायचे? आकड्यांवरून जग उभं करता आलं, तरच ते कळले असं मी मानतो. ‘काल्पनिक’ हा शब्द लेखाच्या पहिल्याच ओळीत आहे.

खरी शंका हवेबद्दल आहे. लाल ताऱ्यांचे भडके ग्रहाची हवा उडवून लावू शकतात. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला 2023 मध्ये त्याच ताऱ्याच्या ट्रॅपिस्ट-1 बी या सगळ्यात आतल्या ग्रहावर दाट हवेची खूण सापडली नाही. माझ्या ग्रहाची हवा गेली तर लेखातलं कुठलं वाक्य टिकेल आणि कुठलं पडेल, हे तुमच्या नववीच्या वर्गाला विचारा. उत्तरं पाठवलीत तर पुढच्या लेखात ती जशीच्या तशी छापेन.