स्नोमोबाईल घ्यायचीय? बर्फाचं नंतर बघू

तर तुम्ही ठरवलंय की आता स्नोमोबाईल, म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरणारा पट्टा असलेली बर्फावरची गाडी, घ्यायचीच. उत्तम. सगळ्यात आधी ती अंथरूण पाहून पाय पसरायची सवय सोडा, कारण या छंदात अंथरूण बघणारा माणूस पहिल्याच फेरीत बाद होतो. आणि थंडीची वाट वगैरे बघत बसू नका. स्लेड (स्नोमोबाईलवाले तिला असंच म्हणतात) बुक करायची ती मार्च-एप्रिलमध्ये, शोरूमबाहेर बर्फ वितळून नुसता चिकचिकाट झालेला असताना. आत्ता डिपॉझिट भरायचं, गाडी मिळणार पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर, आणि त्या हिवाळ्यात बर्फ पडणार की नाही हे ना डीलरला माहीत ना तुम्हाला. काही मॉडेलं तर फक्त याच काळात बुक केली तर मिळतात, त्यामुळे विचार करायला वेळ मागू नका, बरं दिसत नाही.

किंमत विचारताय? डोंगरात चालवायची टर्बो स्लेड अमेरिकेत आरामात 20,000 डॉलरच्या वर जाते. एवढ्यात कार आली असती, असं घरात कोणीतरी म्हणणारच, तर त्यांना शांतपणे सांगा की कार वर्षभर वापरावी लागते, ही फक्त काही आठवडे, म्हणजे झीज किती कमी बघा. शिवाय लोन मिळतं, चांगलं लांबलचक मिळतं. ऋण काढून सण साजरा करायचा तर निदान सण असा निवडा की जो येईलच याची खात्री नाही!

बरं, स्लेड घेतली म्हणजे झालं असं समजू नका हां. ती रस्त्यावरून चालवत तर नेणार नाही ना तुम्ही, मग ट्रेलर आला, ट्रेलर ओढायला दणकट पिकअप आला, आणि मुलं असतील तर त्यांच्या छोट्या स्लेड आल्या ज्या दोन सीझनमध्ये त्यांना लहान होतात. मग हेल्मेट, तेही काच गरम होणारं, नाहीतर श्वासाने धुकं धरतं आणि समोरचं झाड दिसत नाही. सूट, बूट, ग्लोव्ह्ज. डोंगरात जाणार असाल तर बीकन (गाडलेला माणूस कुठे आहे ते सांगणारा रेडिओ), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि एअरबॅगवाली सॅक. (हे मात्र खरंच घ्या आणि वापरायला शिका, यात गंमत नाही.) आणि एक लक्षात ठेवा, हिमस्खलनात तुम्ही गाडले गेलात तर तुमच्या सॅकमधलं फावडं तुमच्या काही कामाचं नाही, सोबतच्या माणसाकडचं कामाला येतं. त्यामुळे मित्र निवडतानाच त्याची ऐपत बघून घ्या.

आता बर्फ. या मशीनला बर्फ फक्त पळायला लागत नाही, थंड राहायलाही लागतो. पट्टा बर्फ उडवतो, तो वरच्या कूलरवर बसतो आणि इंजिन गार राहतं. खाली रेल्सना प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, हायफॅक्स म्हणतात, त्यांनाही वंगण बर्फाचंच. बर्फ पातळ असला, खाली नुसतं कडक गोठलेलं असलं की टेंपरेचरचा दिवा लागतो, त्या पट्ट्या तापून घासतात, प्लास्टिक जळल्याचा वास येतो आणि तुम्ही ट्रेलच्या, म्हणजे स्लेडसाठी आखलेल्या वाटेच्या, कडेला कुठे पांढरं दिसतंय का ते शोधत फिरता. 2023-24 च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा-विस्कॉन्सिनमध्ये कित्येक ट्रेल उघडलेच नाहीत. गाड्या गॅरेजमध्ये, हप्ते मात्र बँकेत वेळेवर. तुम्हीही तसंच करा, रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन फडक्याने पुसा, मन रमतं.

ट्रेलची काळजी तुम्ही करायची नाही. तो आपोआप सपाट होतो असंच धरून चाला. रात्री-अपरात्री ग्रूमर, म्हणजे बर्फ सपाट करायचं यंत्र, घेऊन ट्रेल दाबत फिरणारा स्नोमोबाईल क्लबचा माणूस फुकट राबत असतो आणि त्याची स्वतःची स्लेड पंधरा वर्षं जुनी असते, पण ते सगळं बघायला गेलात तर राईडची मजा जाते. ज्यांच्या शेतातून ट्रेल जातो त्या शेतकऱ्यांचंही तसंच. परमिटचे पैसे भरताना मात्र जोरात कुरकुर करा, 20,000 च्या गाडीवर बसून शंभर-दोनशेसाठी भांडण्यात एक वेगळाच रुबाब आहे.

अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला जायचं स्वप्न असेल तर तुमची टर्बो घरी ठेवा. तिथे आवाज आणि धूर मर्यादेत असलेल्याच स्लेड चालतात, आणि एकतर गाईड घ्या नाहीतर लॉटरीत परमिट लागू दे. म्हणजे एवढे पैसे घालून परत भाड्याचीच.

कोणी जुना माणूस सांगेल की आमच्या वेळी कारखान्यातला कामगारसुद्धा स्लेड घ्यायचा. खरंच घ्यायचा. 1970 च्या सुमाराला शंभरावर कंपन्या स्लेड बनवत होत्या आणि उत्तर अमेरिकेत एका वर्षात पाच लाखांच्या आसपास विकल्या जात होत्या. आता जगभरात मिळून वर्षाला लाखाच्या आसपास, आणि कंपन्या एका हाताच्या बोटांवर. 1968 पासून बनवणाऱ्या यामाहाने 2023 मध्ये सांगून टाकलं की 2025 चं मॉडेल शेवटचं. गिऱ्हाईक कमी म्हणून गाडी महाग, गाडी महाग म्हणून गिऱ्हाईक कमी, आणि जे उरलेत त्यांना टचस्क्रीन हवा. तुम्ही उरलेल्यांत आहात, अभिनंदन!

आणि हो, ही गाडी घडवणाऱ्या बोम्बार्डिएचा किस्सा कोणी काढला तर विषय बदला. कॅनडात क्यूबेकमधला मेकॅनिक, 1934 च्या हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद, दोन वर्षांचा मुलगा आजारी, हॉस्पिटल गाठता आलं नाही, मूल गेलं. अडकलेल्या माणसाला बाहेर काढता यावं म्हणून तो या गाडीमागे लागला होता. 1959 ची स्की-डू नावाची त्याची छोटी स्लेडसुद्धा त्याच्या डोक्यात फासे लावून शिकार करणारे आणि दुर्गम भागातल्या मिशनऱ्यांसाठी होती. आजही आर्क्टिकमधल्या मूळ रहिवासी इनुइट शिकाऱ्याला घरात मांस आणायला तीच लागते, आणि त्याला ती उन्हाळ्यात जहाजाने मागवून भाड्यासकट परवडवावी लागते. पण बाजार त्याला विचारून चालत नाही. बाजार चालतो तुम्हाला विचारून, आणि तुम्हाला हवाय हँडल गरम करायचा तिसरा मोड.

तीन वर्षांनी विकायला काढाल तेव्हा जाहिरातीत "अगदी कमी चालवलेली" हे वर टाका. बर्फच नव्हता हे लिहू नका, जपून वापरली लिहा. फोटो बर्फातला नसेल तर लॉनवरचा चालेल. किंमत थोडी चढवून लावा, हेल्मेट फुकट द्या. ट्रेलर मात्र अजिबात देऊ नका, त्याच डीलरकडे उन्हाळ्यासाठी एटीव्ही, म्हणजे जाड चाकांच्या कच्च्या रस्त्यावरच्या गाड्या, आल्यात.