राजीनामा मागून घेतला जातो तेव्हा

नोकरी सोडणे आणि नोकरीवरून काढले जाणे यांत आपल्याकडे आधी अब्रूचा फरक पाहिला जातो, आणि माझ्या मते कामगाराचे सर्वांत मोठे नुकसान याच समजुतीमुळे होते. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतील अनेक फाउंड्री (धातूचे ओतकाम करणारे कारखाने) व मशीन शॉप वाहन उद्योगाच्या मागणीवर चालतात. ऑर्डर घटल्या की आधी पाळ्या कमी होतात आणि मग माणसे. अशा वेळी कामगाराला केबिनमध्ये बोलावून सांगितले जाते, ‘‘तुम्हीच राजीनामा द्या, म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ राहील.’’ टाइप केलेला कागद समोर तयारच असतो. कार्मिक विभागात काम करताना मी असे राजीनामे पाहिले आहेत. सगळ्यांवर कारण एकच, ‘घरगुती अडचणीमुळे’.

त्या सहीने काय जाते, हे सही करणाऱ्याला बहुधा कोणी सांगत नाही. काम कमी झाले म्हणून कामगाराला काढायचे असेल, तर किमान एक वर्षाच्या सलग सेवेनंतर त्याला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो, हा नियम औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आला आहे. बारा वर्षे मोल्डिंगवर, म्हणजे ओतकामाचे साचे करण्यात, काढलेल्या माणसासाठी ही रक्कम नोटीस धरून सुमारे सात महिन्यांच्या पगाराएवढी होते. राजीनामा दिला की यातले काहीच मिळत नाही. पुढे सही दबावाखाली घेतली असे म्हणता येते, पण ते सिद्ध करण्याचे ओझे कामगारावरच येते, आणि केबिनमध्ये साक्षीदार नसतो.

‘काढले तर ग्रॅच्युइटीही बुडेल’ अशी भीती घातली जाते, ती तर बहुतांशी खोटी असते. पाच वर्षांची सलग सेवा झालेल्या कायम कामगाराला ग्रॅच्युइटी राजीनाम्यानंतरही मिळते आणि कपातीनंतरही, म्हणजे काम नाही म्हणून काढल्यावरही, मिळते. ती रोखता येते ती हिंसक वर्तन, नैतिक अधःपतनाचा गुन्हा किंवा मालमत्तेचे जाणूनबुजून केलेले नुकसान अशा ठरावीक कारणांनी बडतर्फ केले असेल तरच. आणि गैरवर्तनासाठी बडतर्फ करायचे तर आरोपपत्र, चौकशी आणि बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. पर्यवेक्षक आणि व्यवस्थापक यांची स्थिती वेगळी आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांना कपातीची नोटीस आणि भरपाई यांचे कामगार कायद्यातील संरक्षण मिळत नाही, म्हणून त्यांनी नियुक्तिपत्रातील अटी नीट वाचाव्यात.

तरीही माणसे सही करतात, कारण घराबाहेर काय सांगायचे हा प्रश्न त्यांना पैशापेक्षा मोठा वाटतो. मुलाचे स्थळ पाहायला आलेले पाहुणे ‘सोडली की काढली?’ असे विचारतात, आणि कपात व बडतर्फी यांतला फरक त्यांच्या गावी नसतो. ऑर्डर थांबली म्हणून घरी बसलेल्या माणसाचा दोष तरी काय? स्वतःच्या इच्छेने, दुसरी नोकरी हातात घेऊन दिलेला राजीनामा मला पूर्ण मान्य आहे. मागून घेतलेल्या राजीनाम्याला मी राजीनामा मानत नाही.

लहान कारखानदाराची अडचण मी नाकारत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले कित्येक मालक स्वतः मशीनवर उभे राहून वर आलेले आहेत, आणि मोठ्या कंपनीकडून बिले वेळेवर आली नाहीत की त्यांचाही जीव टांगणीला लागतो. एकरकमी देणे जमत नसेल, तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात बसून हप्त्यांचा लेखी समझोता करता येतो. कामगारांना माझी विनंती एवढीच आहे की, असा कागद समोर आला तर त्याच दिवशी सही करू नये, विचाराला वेळ मागावा, कागदाची प्रत मागावी, आणि काम नसल्यामुळे काढत असाल तर तसे लिहून द्या, असे शांतपणे सांगावे.